हळदीच्या मुलखात चाकांवरची चूल

मार्च महिन्यात शेतकऱ्याला सवड कुठली म्हणा! तरीपण एखादा दिवस काढता आलाच, तर हिंगोलीहून सकाळच्या एसटीने औंढ्याच्या रस्त्याला लागा आणि तसेच पुढे वसमतपर्यंत जा. पाहुण्यांकडे लग्नाला निघाला असाल तर उत्तमच. खिडकीजवळची जागा मात्र धरा.

हिंगोली गावात तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा अशी वस्त्यांची नावे तुमच्या कानांवर पडतील. निजामाच्या राज्यात इथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची छावणी होती. फौज गेली, नावे राहिली. जिल्हा म्हणून मात्र हिंगोली अजून तरुण आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हा पाच तालुक्यांचा जिल्हा झाला. सेनगावकडे आणि हिंगोलीच्या भोवताली जमीन चढउताराची, जागोजाग मुरमाड. सोयाबीन, तूर, हरभरा हे तिथले धन. औंढ्याला उतरून नागनाथाचे दर्शन घ्या. नामदेव महाराजांसाठी देवळाने तोंड फिरवले ती कथा इथलीच, आणि महाराजांचे नर्सी गावही याच जिल्ह्यात. औंढ्याच्या पुढे शिरड शहापूर आले की रानाचा रंग पालटू लागतो. जमीन काळी, सपाट आणि खोल होते. सिद्धेश्वर धरणाचे कालव्याचे पाणी या वसमत भागात खेळते, आणि पाणी आले तिथे ऊस, केळी व हळद आली.

आता खिडकीतून वास येईल. कच्च्या आल्यासारखा, पण त्याहून उग्र आणि थोडा धुरकट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आखाड्या-आखाड्यांवर पांढरी वाफ वर जाताना दिसेल. पहाटे आलात तर ती वाफ धुक्यासारखी रानावर पसरलेली असते. हीच हळदीची शिजवणी. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रही स्थापन झाले आहे. पण हळदीला रंग आणि चकाकी येते ती कागदावर नव्हे, या वाफेत. नऊ महिने सांभाळलेले पीक शिजवणीच्या दोन-चार दिवसांत बनते किंवा बिघडते.

तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना काहिलीची शिजवणी आठवत असेल. जमिनीत चर खणायचा, त्यावर लोखंडी काहील ठेवायची, हळद भरून पाणी सोडायचे, वर हळदीचा पाला, गोणपाट आणि माती लिंपून झाकण करायचे आणि तासन् तास जाळ घालत बसायचे. लाकूड फार लागे. तळाची हळद गाळ होई आणि वरची कच्ची राही. आता काहील बहुतेक मागे पडली. तिच्या जागी आला हळदीचा कुकर. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेला एक गाडा असतो. त्यावर भट्टी, भट्टीवर पाण्याची बंद टाकी म्हणजे बॉयलर, आणि बाजूला तीन-चार मोठे ड्रम. बॉयलरची वाफ नळीने ड्रमच्या बुडात शिरते, जाळीतून वर चढते आणि साधारण अर्ध्या तासात ड्रम शिजतो. एक शिजतो तेव्हा दुसरा रिकामा होतो आणि तिसरा भरतो. एका आखाड्यावरचे काम झाले की गाडा पुढच्या आखाड्यावर. चाकांवरची चूलच म्हणा ना!

या चाकांवरच्या चुलीविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे. कुकर भाड्याने ठरवताना आपण काय विचारतो? ड्रमाला दर किती, माणसे किती देणार, कधी येणार. गाड्याला पाय कसले आहेत आणि लाईट गेली तर काय करणार, हे मी गावोगाव फिरताना क्वचितच कुणाला विचारताना ऐकले आहे.

आधी पायांचे बघू. बैलगाडी हाकणाऱ्याला गाडी उलाळ होणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मागे भार जास्त झाला की पुढचे जू वर उचलते. कुकरचा गाडा दोन चाकी असेल तर तोही असाच आखावर तोललेला असतो. मागचा ड्रम भरला आणि पुढचा रिकामा केला की तोल फिरतो, आणि दिवसभरात तो कितीतरी वेळा फिरतो. नुसता ट्रॅक्टरला अडकवून ठेवलेला किंवा पुढे एक दगड टेकवलेला गाडा या उलटापालटीत डुलत राहतो. म्हणून चारही कोपऱ्यांना पाय हवेत आणि पुढच्या दांडीला पाचवा.

वजनाचा हिशोब करून बघा. एका ड्रमात दोन क्विंटल ओली हळद धरली तर चार ड्रमांत आठ क्विंटल. बॉयलरमध्ये पाचशे लिटर पाणी म्हणजे पाच क्विंटल. लोखंडाचे दहा-अकरा क्विंटल धरा. एकूण चोवीस क्विंटलच्या आसपास जाते. चार पायांवर सारखे वाटले तर प्रत्येकी सहा क्विंटल. पण भार सारखा कधीच नसतो, एका पायावर दुप्पटही येतो. तेव्हा प्रत्येक जॅक निदान दोन टन पेलणारा असावा. आपल्या वेल्डिंगच्या दुकानात पाइपात पाइप घालून आरपार खिळ ठोकलेले पाय करून देतात. ते स्वस्त पडतात आणि मजबूतही असतात. खोट एवढीच की भोके दोन-दोन इंचांवर असल्याने पाय नेमका हवा तिथे थांबत नाही. दांडा फिरवून आट्यांवर वरखाली होणारा स्क्रू जॅक सर्वांत चांगला. दोन्हींची सांगड घालून, वर खिळीचा पाइप आणि खाली आट्यांचा जॅक असा पाय करून घेतला तर खर्चही बेताचा राहतो.

आता पायाखालची जमीन. जॅकचे बूड चार इंच लांब आणि चार इंच रुंद असले तर ते सुमारे शंभर चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर सहा क्विंटल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सहा किलो. आपली काळी जमीन, त्यातून नुकतीच हळद खोदलेली. तिला हा भार कसा सोसणार? पाय सुरीसारखा आत जाईल. त्याच बुडाखाली एक फूट लांब-रुंद जाड फळी टाका, भार नऊशे चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोच्याही आत येतो. एवढ्याशा फळीने हा फरक पडतो. बाभळीची दोन इंची फळी किंवा रेल्वे स्लीपरचा जुना तुकडा चालेल. फरशी नको, ती उन्हाने आणि भाराने तडकते.

गाडा उभा करताना आधी चाकांना दोन्हीकडून दगडाची ओट लावा. मग पुढच्या दांडीचा पाय टेकवा आणि नंतरच ट्रॅक्टर सोडवा. कोपऱ्यांचे पाय समोरासमोरचे न घेता तिरपे घ्या, म्हणजे पुढचा डावा झाला की मागचा उजवा. पाणसळ ठेवून दोन्ही बाजूंनी बघा. पाणसळ नसेल तर गवंडी लोक वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून दोन टोकांना धरा, पाणी पातळी सांगते. पहिला ड्रम भरून झाल्यावर पुन्हा एकदा बघा, कारण जमीन पहिल्या भाराने दबते. आणि चाके उचलून गाडा पायांवर तोलायचा नाही. पाय डोलणे थांबवण्यासाठी आहेत, गाडा अधांतरी धरण्यासाठी नाहीत.

तुम्ही म्हणाल, थोडा कलला म्हणून काय बिघडते? दोन गोष्टी बिघडतात. कललेल्या ड्रमात वाफेचे झालेले पाणी बुडाशी एका कोपऱ्यात साचते, त्यात बसलेली हळद जास्त शिजून तिचा रंग जातो. दुसरी गोष्ट जास्त वाईट. बॉयलरमधले पाणी एका अंगाला जाते आणि दुसऱ्या अंगाचा पत्रा जाळावर कोरडा पडतो. पाण्याची काच ज्या टोकाला आहे तिथे पाणी पुरेसे दिसते आणि माणूस बिनघोर राहतो.

एक प्रसंग सांगतो. गावाचे नाव नको. कालव्याच्या चारीजवळ कुकर लावला होता. मागच्या डाव्या पायाखाली फळी नव्हती. रात्री चारीला पाणी आले, पाझरून जमीन ओली झाली आणि मध्यरात्रीनंतर तो पाय हळूहळू खचला. भरलेला ड्रम उतरवण्याच्या बाजूला कलला, झाकणाची कडी सुटली आणि शिजती हळद वाफेसकट खाली आली. जिथे ती पडली तिथे दोन बाया घमेली घेऊन उभ्या असायच्या. नेमक्या त्या वेळी त्या चहाला गेल्या होत्या. गाडा सावरायला धावलेल्या एका तरुणाचा हात मात्र वाफेच्या नळीला लागून कोपरापर्यंत भाजला. कुकर दुरुस्तीला गेला, दुसरा मिळेपर्यंत चार दिवस गेले. खोदलेली हळद ढिगात गरम होऊन खालून नासू लागली. खोदल्यापासून दोन-तीन दिवसांत हळद शिजली पाहिजे असे आपण सांगतो ते याचसाठी. मालकाचे किती गेले ते त्याने कुणाला सांगितले नाही, पण पुढच्या वर्षी त्याचा निम्मा फड सोयाबीनखाली होता.

या अपघातामागे पाय आणि फळी तर होतीच, पण आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे चढाओढ. हंगामात शेजारच्या दोन आखाड्यांवर दोन कुकर लागले की रात्रीत कुणाचे ड्रम जास्त उतरतात याची पैज लागते. पोरे मोबाईलवर एकमेकांना आकडे कळवतात. मजा आहे खरी. रात्रभराचे कष्ट त्या ईर्षेत हलके होतात. पण या पैजेपायी गाडा नीट टेकवायला लागणारी वीस मिनिटे वाचवली जातात, आणि कधी कधी तर भट्टीत निखारे असतानाच गाडा पुढच्या आखाड्याला ओढला जातो. हे काम मला अजिबात पसंत नाही. पैज लावायचीच तर शिजवणीच्या सारखेपणाची लावा. कोणत्याही ड्रममधले हळकुंड मोडले की आतून एकसारखे पिवळे दिसले पाहिजे आणि काडी सहज आरपार गेली पाहिजे.

चुलीची पैज आपल्याकडेच लागते असे नाही. अमेरिकेत मेंफिस शहरी १९७८ पासून आणि कॅन्सस सिटीत १९८० पासून लाकडाच्या मंद आचेवर मांस भाजण्याच्या मोठ्या स्पर्धा भरतात. (माळकरी वाचकांनी एवढे वाक्य क्षमा करावे.) तिथले हौशी लोक ट्रॉलीवर बसवलेली भट्टी गाडीमागे ओढत आणतात आणि रात्रभर जागतात. मैदानात पोचल्यावर ही मंडळी पहिल्यांदा ट्रॉलीचे पाय खाली घेऊन पातळी लावतात आणि सोबत जनरेटर ठेवतात, मग विस्तव पेटवतात. त्यांची हौस आहे आणि बक्षीस हुकले तरी घरी पोळी शिजतेच. आपल्या गाड्यावर वर्षाची कमाई असते.

आता लाईटकडे वळू. कुकरला विजेचे काम काय, असे वाटेल. जाळ तर लाकडाचा आहे. पण बॉयलरमध्ये पाणी चढवायला मोटार लागते, काहींना भट्टीत वारा घालणारा पंखा असतो, आणि रात्रीच्या कामाला दिवे लागतात. मार्चचे ऊन डोक्यावर घेऊन भट्टीजवळ उभे राहवत नाही, म्हणून शिजवणी रात्रीच जास्त चालते. शेतातल्या लाईटचा भरवसा काय ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यातून मार्च-एप्रिल म्हणजे वावटळ आणि अवकाळीचे दिवस. ढग आले की लाईट गेलीच.

दिव्यांची सोय सोपी आहे. वीस वॅटचे चार एलईडी दिवे म्हणजे ऐंशी वॅट. बारा व्होल्टच्या बॅटरीतून ते तासाला सात अँपिअरच्या आसपास खातात. शंभर अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी वापरली तरी सात तास निघतात, म्हणजे रात्र सरली. ही बॅटरी वेगळी ठेवा. ट्रॅक्टरच्याच बॅटरीवर दिवे लावले तर पहाटे ट्रॅक्टर धक्का मारून चालू करावा लागतो, आणि तेव्हा धक्का मारायला अंगात त्राण असलेले कुणी उरलेले नसते.

मोटारीची गोष्ट निराळी. एक हॉर्सपॉवरची मोटार चालू असताना साधारण पाऊण किलोवॅट खाते, पण सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते. म्हणून एक किलोवॅटचा जनरेटर आणून पुरत नाही. तो गचके खाऊन बंद पडतो. अडीच-तीन केव्हीएचा धरा. जनरेटर पत्र्याच्या शेडमध्ये किंवा माणसे झोपतात त्या खोलीत ठेवू नका. त्याच्या धुराला वास कमी असतो, पण त्यातला विषारी वायू झोपेतच जीव घेतो. आणि जनरेटरची वायर सरळ आखाड्याच्या बोर्डात खोचायची नाही. मध्ये चेंज-ओव्हर स्विच हवाच. तो नसला तर आपली वीज उलटी तारेवर जाते, आणि लाईट बंद आहे म्हणून खांबावर चढलेला वायरमन तिला चिकटतो. तो आपल्याच गावचा कुणीतरी असतो.

सर्वांत महत्त्वाचे ते पाणी. भट्टी भडकलेली, लाईट गेली, मोटार बंद, आणि बॉयलरमधले पाणी मिनिटामिनिटाला वाफ होऊन चालले आहे. पाणी संपल्यावर पत्रा लाल होतो. काहीजण वर एक टाकी बसवतात आणि समजतात की पाणी आपोआप उतरेल. पण वाफेचा दाब एक किलो असेल तर त्याच्यावर मात करायला पाण्याची उंची दहा मीटर हवी. दाब दोन दशांश किलो असला तरी टाकी दोन मीटर उंच पाहिजे. गाड्यावर ठेवलेली टाकी तेवढी उंच क्वचितच असते. यापेक्षा हाताने दाबायचा पंप बसवून घ्यावा. त्याला ना वीज लागते ना डिझेल. पाण्याच्या काचेवर खालच्या मर्यादेला तांबड्या रंगाची रेघ मारा. पाणी त्या रेघेला आले आणि भरायची सोय नसली तर दुसरा विचार न करता जाळ ओढून बाहेर काढा आणि माती टाका. चुकून पत्रा कोरडा तापलाच, तर त्यात थंड पाणी मुळीच सोडायचे नाही. एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरांहून जास्त वाफ होते. ती एकदम झाली तर टाकी फुटते. माणसांना दूर करा आणि भट्टी आपसूक थंड होऊ द्या. सुरक्षेचा व्हॉल्व्ह सुतळीने बांधलेला किंवा वर वीट ठेवलेला दिसला, तर तो कुकर दारातूनच परत पाठवा. दर कितीही कमी असो.

घरातल्या मायबहिणींसाठी थोडे. ड्रम रिकामा करण्याचे काम बहुतेक ठिकाणी बायाच करतात. झाकण उघडण्याआधी वाफेची चावी बंद झाली का ते स्वतः विचारा, आणि झाकण उघडते त्या बाजूला उभ्या राहू नका. पदर खोचलेला हवा, पायांत बूट हवेत. चपलेत गरम पाणी शिरते. लेकरांना गाड्यापासून लांब, कडब्याच्या गंजीपासूनही लांब झोपवा, कारण धुराड्यातून ठिणग्या उडतात आणि गंजी वाऱ्याखाली असेल तर पेटते. एवढे करूनही कुणी भाजलेच, तर वीस मिनिटे साधे पाणी वाहते ठेवा, हात सुजण्याआधी बांगड्या-अंगठ्या काढा, स्वच्छ कापडाने झाका आणि दवाखाना गाठा. हळदीचा मुलूख असला तरी भाजल्यावर हळद लावायची नाही. टूथपेस्ट आणि शाईही नाही.

एवढी विचारपूस केली तर कुकरवाला चिडेल, असे काहींना वाटते. मला तसा अनुभव नाही. या भागातले बरेच कुकरवाले स्वतः शेतकरी आहेत, हप्त्यावर गाडा घेऊन हंगामात फिरतात. गिऱ्हाईक पाय आणि फळ्या बघते असे कळले की पुढच्या वर्षी ते स्वतःच चारच्या आठ फळ्या घेऊन येतात. गावातल्या चार-पाच घरांनी मिळून कुकर घ्यायचा विचार असेल तर आधी वसमतच्या हळद केंद्रात किंवा तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा, मग वेल्डिंगच्या दुकानाची पायरी चढा.

परतीला नांदेडच्या बाजूने येणार असाल तर वारंगा फाट्यावर उतरून खिचडी खा. गरम असते आणि पोटभर मिळते. तिथून कळमनुरीकडे येताना उजव्या-डाव्या हाताला शेतांत पिवळे चौकोन दिसतील. ती शिजलेली हळद, ताडपत्रीवर दोन-तीन इंचांच्या थरात पसरलेली. दहा ते पंधरा दिवस ती अशीच वाळेल, दिवसातून दोनदा हलवली जाईल, संध्याकाळी ढीग करून झाकली जाईल. पाच क्विंटल ओल्यातून जेमतेम क्विंटलभर वाळलेली हाती लागते. मग पॉलिश, मग हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डातला नाही तर वसमतच्या मोंढ्यातला लिलाव. मार्चअखेर आभाळ भरून आले तर एसटीतून बघा, त्या चौकोनांकडे घरातली सगळी माणसे, म्हातारीपासून शाळकरी पोरापर्यंत, ताडपत्रीची टोके धरून पळत असतात.